तू रोज नेमकं काय करायचीस?

लिंक्डइनवर माझ्या नावाखाली एकच ओळ होती : नोकरीच्या शोधात. वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात अकरा वर्षं काढल्यावर 2017 मध्ये मी नोकरी सोडली होती. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांच्याजवळ दिवसभर कुणीतरी हवं होतं. 2023 च्या मे महिन्यात त्या गेल्या. त्यानंतरचे पाच महिने मी अर्ज करत होते. एकाही ठिकाणाहून फोन आला नाही.

दिवाळीला भाची आली. ती पुण्यात एका कंपनीत एचआरमध्ये आहे. फराळाचं ताट बाजूला सारून तिने माझं प्रोफाइल उघडलं आणि म्हणाली, "मावशी, आधी ही ओळ काढ. आम्ही माणूस शोधताना 'नोकरीच्या शोधात' असं टाइप करतो का? आम्ही टाकतो क्वालिटी इंजिनिअर, सप्लायर ऑडिट, गेज कॅलिब्रेशन." नावाखालच्या त्या ओळीत 220 अक्षरं मावतात, आणि शोधाच्या यादीत नावाबरोबर तीच ओळ दिसते. मी ती जागा दोन शब्दांवर घालवली होती, तेही माझ्या कामाबद्दल काहीच न सांगणाऱ्या.

खाली स्वतःबद्दलचा मजकूर. तिथे 2600 अक्षरांची मुभा असते, पण वाचणाऱ्याला आधी वरच्या दोन-तीन ओळीच दिसतात, पुढचं उघडावं लागतं. माझ्या त्या ओळी कुठूनतरी उतरवलेल्या होत्या : हार्डवर्किंग, डायनॅमिक, टीम प्लेअर. भाचीने त्या मोठ्याने वाचल्या आणि विचारलं, "यातलं तुझं काय आहे?" मला उत्तर देता येईना. मग तिने दुसरा प्रश्न विचारला. "बरं, तू रोज नेमकं काय करायचीस?"

त्यावर मी उठले आणि माळ्यावरून वह्या काढल्या. कामावर असताना मी घरी आल्यावर रोज चार ओळी लिहीत असे. कंपनीचे कागद नव्हेत, माझ्या मनातल्या शंका. आज काय अडलं, का अडलं, उद्या काय बघायचं.

2014 च्या पावसाळ्यातलं एक पान उघडलं. ग्राहकाची तक्रार आली होती की हाउसिंगच्या भोकात बोल्ट अडकतो. आमच्याकडे तर प्रत्येक नग तपासून पास केलेला. गेजची, म्हणजे भोकाचं माप तपासायच्या साधनाची, 'गो' बाजू (भोक बरोबर असेल तर जी आत जायला हवी ती) आट्यांतून सुरळीत आत जात होती. दोन दिवस सगळ्यांचा संशय मशीनवर आणि टॅपवर. तिसऱ्या दिवशी मी स्टोअरमधून न वापरलेलं नवं गेज मागवलं आणि तेच नग पुन्हा तपासायला घेतले. नवं गेज दुसऱ्या आट्यालाच अडकलं. आमचं गेज शेकडो नगांत फिरून झिजलं होतं, बारीक झालं होतं. म्हणून मापाला कमी असलेलं भोकही त्याला चालत होतं. त्याच्या कॅलिब्रेशनची तारीख अजून चार महिने लांब होती! त्यानंतर मी एक रजिस्टर आखलं : गेज काढून घ्यायचं ते तारीख बघून नाही, किती नग तपासले ते बघून.

हे सगळं प्रोफाइलवर लिहायला मी सुरुवात केली, "आम्ही शोधून काढलं." भाचीने हात धरला. "आम्ही म्हणजे कोण?"

'मी' लिहायला हात धजेना. आपली टिमकी आपण वाजवू नये, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण नवं गेज मी मागवलं होतं, रजिस्टर मी आखलं होतं, आणि 'आम्ही' लिहिलं असतं तर ते खरं झालं नसतं. त्याच वहीत रिजेक्शन कमी केल्याचीही नोंद होती. ते तिन्ही पाळ्यांच्या माणसांचं काम होतं, म्हणून तिथे 'सगळ्यांनी मिळून' असंच ठेवलं. व्हर्निअरवर जे दिसतं तेच लिहायचं असतं, वाढवायचं नाही आणि कमीही करायचं नाही. प्रोफाइललाही मी तोच नियम लावला. ग्राहकाचं नाव आणि पार्टचा नंबर मात्र कुठेही घातला नाही. ते माझ्या मालकीचं नाही.

सहा वर्षांच्या खंडावर 'फ्रीलान्स सल्लागार' असं पांघरूण घाल, असं ओळखीतल्या एकाने सुचवलं होतं. मला ते पटलं नाही. लिंक्डइनवर 2022 पासून करिअर ब्रेक वेगळा दाखवायची सोय आहे, कारणासह. मी लिहिलं : घरातल्या रुग्णाची देखभाल. यात लपवण्यासारखं काही आहे असं मला आजही वाटत नाही.

फोटो लग्नातला होता, शेजारणीच्या खांद्यासकट कापलेला. तो काढून सकाळच्या उजेडात गॅलरीत नवा काढला. शिफारशीसाठी जुन्या सुपरवायझर सरांना फोन केला. 'काहीतरी चांगलं लिहा' असं म्हणाले नाही. विचारलं, "सर, गेजचा तो प्रसंग आठवतो का? तेवढाच लिहाल?" त्यांनी चार ओळी लिहिल्या, आणि त्या चारही ओळी माझ्याच होत्या, दुसऱ्या कुणाला लावता आल्या नसत्या. मधल्या काळात 'नोंदणी फी भरा, नोकरी पक्की' असे दोन मेसेजही आले. पैसे मागणारा नोकरी देत नसतो. दोघांनाही ब्लॉक केलं.

पाच आठवड्यांनी शेंद्र्याच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. प्लांट हेड माझं प्रोफाइल वाचून बसले होते. पहिलाच प्रश्न : "मॅडम, गेजच झिजलं असेल हे तुम्हाला सुचलं कसं?" अर्धा तास आम्ही आट्यांवरच बोललो. खंडाबद्दल त्यांनी एकच प्रश्न विचारला, मी एकाच वाक्यात उत्तर दिलं. फेब्रुवारी 2024 पासून मी तिथे काम करते आहे.

तुमच्या घरात, शेजारात अशी कुणी असेल, कामात खंड पडलेली, प्रोफाइल उघडून गप्प बसलेली, तर तिला तयार मजकूर पाठवू नका. तिच्याजवळ बसा आणि विचारा, तू रोज नेमकं काय करायचीस? आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या.