बाकी

अब्बांच्या इंतकालानंतर त्यांच्या किराणा दुकानाची उधारीची वही उघडली. पानोपानी नावे आणि प्रत्येक नावापुढे ‘बाकी’. हा शब्द मूळचा अरबी. शाळेत गुरुजींनी शिकवलेल्या ‘वजाबाकी’तले वजा आणि बाकी दोन्ही अरबीच, जमा, रक्कम, वसूलही तिकडचेच. आज ते अस्सल मराठी झाले आहेत. बाकी म्हणजे उरणारे. म्हणूनच ‘अल्-बाकी’ हे अल्लाहचे एक नाव. माणसे वजा होतात, तो राहतो.

अब्बांनी कुणाच्या दारी कधी तगादा लावला नाही. मीही वही मिटली. चाळीसाव्याला शेजारच्या आजी आल्या. पदराची गाठ सोडत म्हणाल्या, “तुझ्या बापाची बाकी राहिली होती रे, बाळा.”

मी पैसे घेतले. घेतले नसते, तर ओझे त्यांच्याच जिवावर राहिले असते.