दोन दाखले, एक घर

मिरजेत कुठल्याही दवाखान्यात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, ‘पेशंटबरोबर कोण आहे?’ डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून सांगली-साताऱ्याकडची आणि पार अथणी-विजापूरकडची माणसं उपचारासाठी या गावी येत राहिली. प्रत्येक खाटेपाशी कुणीतरी बसलेलं असतं, बहुतेकदा नवरा नाहीतर बायको. आपली सारी आरोग्यव्यवस्था या बिनपगारी माणसाच्या जिवावर चालते, आणि ते माणूस धडधाकट असणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं.

आमच्या शेजारचे काका एका कारखान्यात फिटर होते. पक्षाघातानं त्यांची उजवी बाजू गेली. काकू ब्लाउज शिवायच्या. पार्किन्सन्समुळं हात थरथरायला लागला आणि मशीन झाकून ठेवावं लागलं. सकाळी काकांच्या शर्टाची बटणं काकू लावतात. बोटं काजापर्यंत पोचतात आणि सटकतात, पुन्हा पोचतात. काकू चहा पिताना काका डाव्या हातानं कप धरून ठेवतात. ‘दोघं मिळून कसा संसार रेटतात बघा,’ असं लोक कौतुकानं म्हणतात. मला त्या कौतुकाची भीती वाटते. दोघांपैकी एकाला नुसता ताप आला तरी त्या दिवशी दुसऱ्याच्या गोळ्या चुकतात, जेवण चुकतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आले, त्यात पार्किन्सन्सही आहे. दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर ४० टक्के लागले की योजनांचं दार उघडतं. पण टक्के मोजतात ते एकेका शरीराचे. काकांचा दाखला वेगळा, काकूंचा वेगळा. काकांना सांभाळणारे हात थरथरतात, हे दोन्ही दाखल्यांत कुठंच येत नाही. तहसीलमधल्या संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार आहे, म्हणजे महिन्याला जेमतेम चार हजार. उत्पन्नाच्या दाखल्यात दोघांच्या औषधांचा खर्च वजा होत नाही. दिव्यांगांची मदत २०२५ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार करायचं ठरलं, हे चांगलंच झालं. पण सांभाळणाऱ्याच्या कष्टाचा त्यात एक रुपया नाही.

खरं तर कायद्याला हे सुचलं होतं. कलम २४ मध्ये, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. केरळनं ‘आश्वासकिरणम’ योजनेतून, अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी महिना ६०० रुपये ठरवले. रक्कम तुटपुंजी आहे, पण सांभाळणं हे काम आहे अशी सरकारी कागदावर नोंद झाली. ब्रिटननं असा भत्ता १९७६ मध्ये सुरू केला आणि विवाहित स्त्रियांना त्यातून वगळलं. त्या घरीच असतात, हे गृहीत होतं. आईला सांभाळणाऱ्या जॅकलिन ड्रेक यांनी दावा लावला आणि १९८६ मध्ये युरोपीय न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. लग्न झालं म्हणजे सेवा फुकट, हा समज तिथंही कोर्टात जाऊनच मोडावा लागला.

आपल्याकडं तो समज आपल्या मनातच घट्ट बसलाय. निराधार योजनेच्या अर्जाचा विषय काढला तेव्हा काकू म्हणाल्या, ‘आयुष्यभर कष्टाचं खाल्लं, आता सरकारपुढं हात पसरायचा?’ मी म्हटलं, ‘काकू, हे दान नव्हे, कायद्यानं दिलेलं आहे.’ त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग कागद पुढं ओढला. सही जमेना, अक्षर बारीक होत होत रेघ झालं. बँकेतल्या सहीशी ते जुळणार नव्हतं. सातवीपर्यंत शिकलेल्या काकूंनी शेवटी अंगठा दिला.

नवराबायकोनं एकमेकांना सांभाळणं हे प्रेम आहेच. पण प्रेम आहे म्हणून त्याचा खर्च शून्य धरायचा, हा अन्याय आहे. काळजीवाहक भत्ता महाराष्ट्रानंही द्यावा, आणि दोघंही आजारी असलेल्या घरांना त्यात पहिला हक्क असावा. तोवर अशा घरांनी दोघांचेही वेगळे अर्ज करावेत, एकाच्या नावावर भागवून घेऊ नये. आणि रकाना नसला तरी अर्जावर स्पष्ट लिहावं, ‘मला सांभाळणारं माणूसही आजारी आहे.’ मागितल्याशिवाय नोंद होत नाही, आणि नोंद झाल्याशिवाय तरतूद होत नाही.