समुद्रातलं तेल आणि आपली शेगडी

आपल्याच समुद्रात तेल आहे, मग बाहेरून कशाला आणायचं? खणा की आणखी विहिरी! हा वाद निवडणुकीच्या सभेतही रंगतो आणि जेवणाच्या पानावरही. पुरुषमंडळी आकडे सांगतात. आपण पोळ्या लाटता लाटता ऐकतो. पण मैत्रिणींनो, यात बोलायचा पहिला हक्क आपला आहे.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. युद्ध कुठलं, आणि रॉकेलचे डबे घेऊन रांगेत उभ्या आपण! अशात १९७४ च्या फेब्रुवारीत मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात ‘सागर सम्राट’ला तेल लागलं. १९७६ मध्ये ‘बॉम्बे हाय’चं तेल यायला लागलं. पेढेच वाटायचे काय ते राहिले होते.

रांग मात्र हटली नाही. गॅससाठी नंबर लावून बायका वर्षानुवर्षं वाट बघत होत्या. आणि तिकडे समुद्रात तेलाबरोबर वर येणारा वायू मोठ्या प्रमाणावर चक्क जाळून टाकत होते; तो किनाऱ्यावर आणून वापरायची पुरेशी सोयच नव्हती. चुलीपुढे फुंकणी घेऊन डोळे पुसणाऱ्या बाईला हे कुणी सांगायचं? पुढे उरणच्या कारखान्यात त्या वायूतून स्वयंपाकाचा गॅस वेगळा निघू लागला, तेव्हा कुठे थोडा उजेड पडला. म्हणून म्हणते, नुसतं ‘खणा’ म्हणून भागत नाही. वर आलेलं कुणाच्या घरी जाणार, तेही त्याच सभेत विचारायला हवं.

शिवाय विहीर म्हणजे काही द्रौपदीची थाळी नव्हे. १९८९ च्या सुमारास बॉम्बे हायमधून दिवसाला चार लाखांहून अधिक पिंपं तेल निघायचं. उपसा घाईने झाला, अशी टीका पुढे पुष्कळ झाली. जमिनीखालचा दाब उतरला की तेल आपणहून वर येत नाही, आत पाणी ढकलावं लागतं. आता उत्पादन पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आलंय, आणि २०२५ च्या जानेवारीत ते वाढवायला ओएनजीसीने ‘बीपी’ या ब्रिटिश कंपनीची मदत घेतली.

आणखी एक गोष्ट त्या वादात कधीच निघत नाही. २७ जुलै २००५ ला तिथल्या एका जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटं कापली. त्याला उपचारासाठी तेलफलाटावर पोचवताना जहाज फलाटाच्या वायुनळीवर आदळलं, आग भडकली आणि २२ माणसं गेली. स्वदेशी तेल स्वस्त म्हणणाऱ्यांनी ही किंमत कुठल्या रकान्यात लिहिली, कोण जाणे.

गावी आमच्या जाऊबाई सिलिंडर महागला की पुन्हा चूल पेटवतात. नवी विहीर लागल्याची बातमी आली की त्यांचा प्रश्न ठरलेला, “मग सिलिंडर उतरणार का गं?” काय सांगू? देशाला लागणारं ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल आणि निम्म्याहून अधिक स्वयंपाकाचा गॅस अजून बाहेरून येतो. सिलिंडरचा मूळ हिशेब सौदी अरेबियाच्या दरावर मांडतात. सरकारने सूट दिली तरच तो आपल्यापुरता उतरतो. जाऊबाईंना मी सांगते, सरपण पावसाआधी भरून ठेवा.