गोट्यांचा ताळेबंद

मराठीत ‘गोट्या खेळणे’ या उद्योगाला कधीच प्रतिष्ठा लाभली नाही. अभ्यास सोडून माणूस जे जे करतो त्या सगळ्याला आपण गोट्या खेळणं म्हणतो. आमच्या अण्णांनी मला या एका कलमाखाली जितकं बदडलं, तितकं बाकी सगळ्या गुन्ह्यांबद्दल मिळूनही बदडलं नसेल. आणि गंमत अशी, की स्वतः अण्णांनी उभा जन्म गोट्यांवर काढला. एस.टी.च्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये ते मेकॅनिक होते. कॅटलॉगात जिला ‘सॉकेट’ म्हणतात तिला गॅरेजात ‘गोटी’ म्हणतात. तिथे तुम्ही ‘जरा सॉकेट दे रे’ म्हणालात, तर पोऱ्या तुम्हाला भिंतीवरचं विजेचं बटण दाखवील.

ज्यांचा या वस्तूशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गोटी म्हणजे पोलादाचं आखूड नळकांडं. एका तोंडाला चौकोनी भोक, त्यात दांडा बसतो. दुसऱ्या तोंडाला सहा किंवा बारा कोनांचं भोक, त्यात बोल्टाचं डोकं बसतं. बारा कोनांची गोटी कशीही धरा, चटकन बसते. पण बोल्ट झिजलेला असला तर त्याचे उरलेसुरले कोपरेही खाऊन टाकते. सहा कोनांची बसायला जरा आढेवेढे घेते, पण एकदा धरलं की सोडत नाही. स्नेही जोडताना हा फरक ध्यानात ठेवायला हरकत नाही.

शिवाय बोल्टाकडचं तोंड मिलिमीटरमध्ये मोजतात नि दांड्याकडचं इंचात! आपल्या देशात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला, पुढच्याच वर्षी नवे पैसे आले, आणे-पै गेले. पण गोटीचा चौकोन जगभर अजून पाव, दीड पाव किंवा अर्धा इंचच. सासरी कितीही वर्षं नांदली तरी माहेरची बोली न सोडणाऱ्या बाईसारखं हे आहे. (दीड पाव हा शब्द माझा. कॅटलॉगात तीन अष्टमांश लिहितात.)

तर अशा अठरा गोट्या, एक रॅचेट, एक टी-दांडा आणि दोन लांब-आखूड जोडदांडे असा अण्णांचा संच. त्याची मूळची प्लॅस्टिकची पेटी होती. या पेट्या बनवणाऱ्याला माणसाचा स्वभाव फार उत्तम कळलेला असतो. पेटीच्या दोन्ही बाजू बाहेरून अगदी सारख्या दिसतात. त्यामुळे दहातून पाच वेळा ती उलटी उघडते आणि अठराच्या अठरा गोट्या अठरा दिशांना जातात. तिच्या कड्या तुटल्या तेव्हा घरात कुणालाच वाईट वाटलं नाही. मी बोहरी आळीतून हँडलवाला पत्र्याचा डबा आणला. आणि प्रश्न उभा राहिला, की यात गोट्या लावायच्या कशा?

प्रश्न उभा राहिला म्हटल्यावर सल्लागार बसले. आमच्या घरात सल्ल्याला तोटा नाही.

पहिला सल्ला वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरसाहेबांचा. ते म्हणाले, “फोम घ्या. प्रत्येक गोटीच्या आकाराचा खड्डा कापा. एक जरी हरवली तरी रिकामा खड्डा बोंब मारतो.” कल्पना थोर. विमानांच्या वर्कशॉपमध्ये असंच करतात, कारण तिथे हरवलेलं हत्यार इंजिनात सापडणं परवडत नाही. पण फोमला दोन व्याधी. एक म्हणजे तो तेल पितो, आणि पिणाऱ्याचं पुढे जे होतं तेच त्याचंही होतं. दुसरी म्हणजे नवी गोटी आणली, की तिला जागा नाही.

दुसरा सल्ला चिरंजीवांचा. लोहचुंबकाची पट्टी. गोट्या टपाटप चिकटतात, डबा उलटा केला तरी पडत नाहीत. पण लोहचुंबकाला आपपर भाव नसतो. गोटीबरोबर लोखंडाचा कीस, वायसर, टाचण्या, सगळे गोळा होतात. आठवडाभरात पट्टीला दाढी येते.

तिसरा सल्ला बाजाराचा. क्लिपांची सरकपट्टी. ती हलकी, स्वस्त, एका हाताने उचलता येते. पण मधली गोटी काढली की शेजारच्या सरकून तिची जागा खातात. लोकलच्या चौथ्या सीटवरून ज्यांनी उठून पाहिलं असेल त्यांना अधिक सांगायला नको.

चौथा सल्ला सौ.चा. “अहो, मिसळणाचा डबा घ्या. मोहरी, जिरं, हळद, सगळं एका नजरेत दिसतं.” मी म्हटलं, “मोहरी नि हळद यांत फरक दिसतो. बाराची आणि तेराची गोटी यांत एका मिलिमीटरचा फरक आहे.” त्यावर ती म्हणाली, “मग दिसत नसेल तर अण्णा काय करतात?”

खरा प्रश्न हा होता, आणि तो सौ.ने जाता जाता विचारला.

अण्णांना काचबिंदू आहे. मोतीबिंदू काढला की माणूस पुन्हा पेपर वाचायला लागतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. औषधाच्या थेंबांनी उरलेली राखायची, एवढंच. गोटीच्या अंगावर कोरलेला आकडा अण्णांना आता दिसत नाही. पण कुणाचा पंप अडला, कुणाच्या कूलरचा बोल्ट गंजला, की अजून त्यांनाच हाक येते. म्हणजे येत असे. अलीकडे लोक जरा अदबीने वागू लागले होते. “अण्णांना कशाला त्रास?” असं म्हणू लागले होते. चाळीस वर्षं हाताने काम केलेल्या माणसाला या वाक्याइतकं लागणारं वाक्य दुसरं नसेल.

बँकेत कुठल्याही कागदाला हात लावण्याआधी आम्ही एक विचारतो: खातेदार कोण? इथेही तेच. फोम बघणाऱ्यासाठी उत्तम, चुंबक विसराळूसाठी उत्तम. डबा वापरणार अण्णा. तेव्हा मांडणी अण्णांच्या बोटांना कळली पाहिजे. बाकीच्यांच्या डोळ्यांना ती आवडली नाही तरी चालेल.

मी माझा प्रस्ताव ठेवला: लहान ते मोठी अशी सरळ रांग, खातेवहीसारखी. अण्णांनी तो दोन वाक्यांत नापास केला. “अरे, रांग बघणाऱ्याला. मला काय दरवेळी दहापासून उजळणी म्हणायला लावतोस का?”

मग त्यांनी त्यांची पद्धत सांगितली. दहा, तेरा, सतरा, एकोणीस या चार गोट्यांवर जग चालतं. सहा मिलिमीटरच्या बोल्टाचं डोकं दहाचं, आठच्याचं तेराचं, दहाच्याचं बहुधा सतराचं. जपानी घराण्यातली मोटरसायकल असेल तर बारा आणि चौदा. एकवीसची स्पार्क प्लगसाठी. बाकीच्या सणासुदीला. म्हणजे हे अगदी आमच्या खात्यांसारखं निघालं: चार खाती रोज येणारी, दोन-तीन महिन्याची, आणि उरलेली निष्क्रिय. आमच्याकडे दहा वर्षं दावा न केलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या २०१४ सालच्या निधीत जमा होते. अण्णांच्या तीसच्या गोटीला असा निधी नाही, म्हणून ती डब्यातच राहते.

संचाबाहेरची एक गोटी मात्र अण्णांनी मुद्दाम वेगळी ठेवायला लावली. जुन्या बाजारातून आणलेली, व्हिटवर्थ मापाची. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज गृहस्थाने १८४१ मध्ये आट्यांचं प्रमाण ठरवलं. त्या पद्धतीत गोटीवरचा आकडा डोक्याचा नसतो, बोल्टाच्या दांड्याचा असतो. तीन अष्टमांश इंच लिहिलेली गोटी प्रत्यक्षात अठरा मिलिमीटरच्या डोक्याला बसते. अठरा मिलिमीटर म्हणजे लिहिलंय त्याच्या जवळजवळ दुप्पट. एवढी तफावत आमच्या वहीत निघाली असती तर ऑडिटर दुपारच्या चहालासुद्धा उठले नसते.

शेवटी ठरलं ते असं. सागवानाची एक फळी डब्यात बसेल एवढी कापून घेतली. तिच्यावर लाकडी खुंट्या ठोकल्या, आणि एकेका खुंटीवर एकेक गोटी, चौकोन खाली नि तोंड वर. रोजच्या चार हँडलच्या बाजूला. मग बोटभर मोकळी जागा. मग महिन्याच्या. पुन्हा मोकळी जागा. मग निष्क्रिय. फळीच्या कडेला अण्णांनी स्वतः कानसीने खाचा पाडल्या: दहाला एक, तेराला दोन, सतराला तीन, एकोणीसला चार. झाकणाच्या आत इंचभर जाडीचा स्पंज डकवला, म्हणजे डबा जिन्यात आपटला तरी गोट्या खुंट्या सोडत नाहीत. फळी उचलली की खाली दांडे. रद्दीवाल्याच्या काट्यावर सगळं मिळून साडेसहा किलो भरलं. हे ओझं वाहण्याचं काम माझं. गोटी निवडण्याचं अण्णांचं.

परवा सोसायटीचा पाण्याचा पंप बंद पडला, भर संध्याकाळी, आणि वीज गेलेली. बाकीचे मोबाइलचा दिवा पाडून कुठला बोल्ट कितीचा यावर परिसंवाद करत होते. अण्णांनी बोल्टाच्या डोक्यावरून अंगठा फिरवला, फळीची कड चाचपली, तीन खाचा मोजल्या, आणि रॅचेट वाजू लागलं. अंधाराचा त्रास तिथे अण्णा सोडून सगळ्यांना होता. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरसाहेब स्वतः खाली आले आणि म्हणाले, “अण्णा, आमचा कूलर जरा बघता का?” त्रासाचं नाव त्यांनी काढलं नाही.

फळीवर सध्या एक खुंटी रिकामी आहे. दहाची. दहाची गोटी हरवते हा निसर्गनियम असून जगातल्या तमाम मेकॅनिकांचं त्यावर एकमत आहे. मी दोन रविवार पलंगाखाली सरपटून ती शोधली, कारण शिल्लक जुळल्याशिवाय घरी जायचं नाही ही आमची शिकवण. तिसऱ्या रविवारी अण्णा म्हणाले, “अरे, उठ. नवी आण. आणि नवी आणलीस की जुनी सापडेल, तेव्हा बाजूला आणखी एक खुंटी ठोकून ठेव.”