मुरलेली ओल



कीर्तनकाराला एक खोड असते. तो बोलतो आणि समोरचे ऐकतात. पुढे पुढे त्याला वाटू लागते की ऐकणे हे दुसऱ्यांचेच काम आहे. मी चाळीस-बेचाळीस वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहिलो. आता आवाज वरच्या पट्टीला जात नाही आणि गुडघे उभे राहू देत नाहीत. कीर्तन सुटले, खोड मात्र सुटली नव्हती. ती या चैत्रात माझ्या नातवाने सोडवली. घडले ते तुमच्या कानावर घालावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

नातू पुण्याला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करतो. परीक्षेआधी आठ दिवसांची सुट्टी मिळाली म्हणून पंचमीला मोहोळला आला. हात-पाय धुतले आणि पडवीतली माझी जुनी सायकल बाहेर काढली. एसटी जात नसे त्या गावांना मी हिच्यावरूनच कीर्तनाला जायचो. कॅरियरला धोतर-उपरण्याची वळकटी आणि दांडीला टाळांची पिशवी असायची. खड्डा आला की टाळ आपोआप वाजायचे, आणि वस्तीवरची माणसे म्हणायची, "महाराज आले." गेली वीस वर्षे ती भिंतीला टेकून उभी होती. नातवाने दुकानात नेऊन तिला नवे टायर-ट्यूब घातले, ब्रेकचे रबर बदलले, चेनला तेल दिले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतो तर सायकल नाही आणि नातूही नाही.

मग रोजचेच झाले. उजाडायच्या आत निघायचे, ऊन चढायच्या आत परतायचे. शिळी भाकरी, शेंगाचटणी खाऊन पुस्तक घेऊन बसायचे, दुपारी लवंडायचे, संध्याकाळी ओट्यावर येऊन एका वहीत काहीतरी लिहायचे. एके दिवशी वडवळला नागनाथाच्या देवळात जाऊन आला. एके दिवशी मोडनिंबजवळच्या अरणला सावता महाराजांच्या समाधीपर्यंत गेला. एके दिवशी तर दिवसभर शेताच्या बांधांवरून हिंडला.

आता मनातली सल सांगतो. आमच्या घरात चार पिढ्यांची माळ आहे. या पोराच्या गळ्यात ती मीच घातली होती, तो सात वर्षांचा असताना. पुण्याच्या वसतिगृहात गेला आणि पहिल्याच दिवाळीला त्याने माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली. म्हणाला, "आबा, माझ्याच्यानं नियम पाळणं होत नाही, आणि खोटी माळ गळ्यात ठेववत नाही." त्या दिवसापासून मी त्याच्याशी जेवणखाणापुरतेच बोलत होतो. हजारो लोकांना परमार्थ सांगितला आणि घरातलाच दिवा विझला, असे मला वाटे. तो सायकल घेऊन निघाला की माझ्या मनात येई, एवढे पाय देवाने दिलेत, ते रिकामे फिरण्यात घालवतो आहे.

दशमीच्या संध्याकाळी तो आपणहून बोलला. आम्ही मोहोळकर मालदांडी ज्वारी खातो, पण तिची गोष्ट मला ठाऊक नव्हती. तो म्हणाला, "आबा, मालदांडी पस्तीस-एक हे वाण आपल्या मोहोळच्याच संशोधन केंद्रावर तयार झालं, स्वातंत्र्याच्या आधी. शेतकऱ्यांच्या जुन्या ज्वारीतनं निवडून काढलेलं. अजून माणसं तेच पेरतात." मी विचारले, "एवढं काय आहे त्यात?" तर म्हणाला, "ही रब्बीची ज्वारी. पेरतो तेव्हा पावसाळा सरत आलेला असतो. पुढं वरून पाणी नसलं तरी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर ती कणसात येते. शेतात उभं राहिलं तर पाऊस कुठंच दिसत नाही."

मी "हं" म्हटले आणि हरिपाठाला बसलो. ऐकले होते, पण कानांनीच.

दुसऱ्या दिवशी चैत्र शुद्ध एकादशी. आपल्या चार वाऱ्यांपैकी चैत्री वारी. गुडघ्यांमुळे माझी वारी चुकल्याचे हे दुसरे वर्ष. पहाटे जाग आली तर पोरगा सायकलसकट गायब. दुपारचे बारा वाजत आले तरी पत्ता नाही. मी ओट्यावर बसून तापत होतो. तो आला तेव्हा घामाने निथळत होता, तोंड उन्हाने लाल झालेले. सायकल टेकवायच्या आतच मी सुरू झालो, "एकादशीच्या दिवशी तरी फिरणं बंद ठेवायचं. त्यापेक्षा चार वेळा नाम घेतलं असतंस तर घराण्याचं काही राहिलं असतं." आणखीही बोललो. ते इथे लिहीत नाही, कारण लिहायला लाज वाटते.

त्याने उलट उत्तर दिले नाही. खिशातून कागदाची पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. बुक्का होता. पिशवीतून लहानशी बाटली काढली. चंद्रभागेचे पाणी होते.

"पंढरपूरला गेलो होतो आबा. पेनूर, तुंगतवरनं. आत जायला रांग लांब होती. नामदेव पायरीवर डोकं टेकवलं, कळसाला हात जोडले आणि फिरलो. तुम्हाला दोन वर्षं जाता आलं नाही. म्हटलं, निदान तुमची सायकल तरी वारीला जावी."

माउलींनो, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटरच्या आसपास, चैत्राच्या उन्हात. मला एक शब्दही सुचला नाही. चाळीस वर्षांत समोर श्रोता असताना माझी वाचा अशी बसलेली मला आठवत नाही.

सावता महाराजांचे चरित्र मी कितीदा लावून सांगितले असेल. ते पंढरीला गेले नाहीत, मळ्यातच राबले, असे परंपरा सांगते. शके १२१७ च्या आषाढ वद्य चतुर्दशीला त्यांनी अरणला समाधी घेतली, आणि आजही त्या सोहळ्याला पंढरीहून पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला येते. देव भक्ताच्या मळ्यात जातो, हे सांगताना माझा कंठ दाटून यायचा. आणि माझ्याच मळ्यात काय उगवले आहे, ते मी बांधावर उभा राहून ओळखू शकलो नाही. कारण मी पाऊस शोधत होतो. गळ्यातली माळ, कपाळीचा टिळा, मुखातले नाम, हा सगळा वरून दिसणारा पाऊस. तो हवाच. त्याच्याशिवाय ओल येणार कुठून? मी स्वतः माळ सोडणार नाही, आणि कुणी सोडावी असेही सांगणार नाही. पण पाऊस पडून गेल्यावर रान कोरडे दिसले म्हणून पेरणी फुकट गेली असे कोणता शेतकरी म्हणतो?

त्या रात्री मी त्याला म्हणालो, "पोरा, दुपारी माझं चुकलं." नातवापुढे असे म्हणायला फार बळ लागते. तो हसला आणि म्हणाला, "आबा, मी कीर्तन करणार नाही. तुम्ही वाट बघू नका." मी म्हटले, "नाही बघत." खरे सांगायचे तर थोडेसे टोचले. अजूनही टोचते. त्याची माळ देव्हाऱ्यात आहे. ती घाल असे मी म्हटले नाही, आणि ती तिथून हलवलीही नाही.

द्वादशीला पारणे सोडून तो पुण्याला गेला. एकादशी त्याने धरली होती, हे मला सूनबाईने मागाहून सांगितले. मी विचारलेच नव्हते.

सायकल पुन्हा पडवीत आहे. तिच्या टायरला पंढरीच्या वाटेची माती लागली आहे. ती पुसायची नाही, असे मी घरात सांगून ठेवले आहे. सकाळी हरिपाठ झाला की मी तिच्या दांडीला हात लावतो आणि तोच हात कपाळाला लावतो.

तुमच्याही घरात माळ न घातलेले एखादे लेकरू असेल. त्याला उपदेश करण्याआधी, तो कुठे जाऊन आला एवढे विचारा, आणि मग गप्प बसून ऐका. मला हे कळायला सत्तरी उलटावी लागली.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल.