एक गाठ समुद्राची, एक गाठ शरीराची

मुंबईत कुलाब्याच्या ससून डॉकवर उजाडण्याआधीच दिवस सुरू होतो. होड्या धक्क्याला लागतात, मासळीच्या टोपल्या हातोहात वर येतात, लिलावाचे आकडे पुकारले जातात आणि कोळणींच्या पाट्या भरू लागतात. १८७५ साली ससून घराण्याने समुद्रात भर घालून ही गोदी बांधली, तेव्हा मुंबई कापसाच्या व्यापाराने भरभराटीला आली होती. पुढे कापूस गेला आणि मासळी राहिली.

ऊन चढले की गर्दी ओसरते. मग एखाद्या भिंतीच्या सावलीत फाटके जाळे पसरून बसलेली माणसे नजरेस पडतात. पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड अडकवलेली, हातात दोरा गुंडाळलेली चपटी सुई. जून-जुलैत सरकारी बंदीमुळे होड्या किनाऱ्यावर असतात. तेव्हा तर साऱ्या कोळीवाड्यांतून हेच काम चालते. सुई जाळ्याच्या आसातून वर येते, त्याच्या दोन्ही दोऱ्यांना मागून वळसा घालते आणि आपल्याच फासाखालून बाहेर पडते. अंगठ्याने चिमटीत धरून एक हिसका दिला की गाठ बसली. पाहणाऱ्याला ती नीट दिसतही नाही, इतक्यात पुढची सुरू झालेली असते.

ससून डॉकपासून सहा-सात किलोमीटरवर, भायखळ्याला, १८४५ साली सुरू झालेले जे. जे. रुग्णालय आहे. डॉकवरची गर्दी ओसरत असते त्या सुमारास अशा मोठ्या इस्पितळांत शस्त्रक्रियेची टेबले तयार झालेली असतात. तिथेही सुई आहे, दोरा आहे आणि चिमटीत धरून बसवायची गाठ आहे. शिकाऊ डॉक्टर खुर्चीच्या हाताला किंवा टेबलाच्या खणाच्या मुठीला दोरा बांधून तासन् तास गाठी मारत बसतात, ते याच गाठीसाठी.

धरणारी गाठ, निसटणारी गाठ

आपल्याकडे घराघरांत दोन शब्द रूढ आहेत, निरगाठ आणि सुरगाठ. ओढताच सुटते ती सुरगाठ, ओढावी तशी आवळते ती निरगाठ. कोळी आणि सर्जन दोघांनाही हवी असते ती निरगाठच. पण ती दोघे एकाच तऱ्हेने मारत नाहीत.

सर्जनची नेहमीची गाठ साधी असते. आधी उजवे टोक डाव्यावरून, मग डावे उजव्यावरून. दोन्ही वेढे उलट दिशांनी पडले की गाठ सपाट बसते. दोन्ही एकाच दिशेने पडले तर ती तिरपी होते आणि घसरते. नवशिक्याची चूक बहुधा इथेच होते. जिथे दोन कडांना ताण असतो तिथे पहिल्या वेढ्याला एक जादा पीळ देतात, म्हणजे दुसरा वेढा घालेपर्यंत पहिला सैल पडत नाही. 'सर्जनची गाठ' म्हणतात ती हीच. ही विद्या जुनी आहे. पहिल्या शतकातील हेराक्लास या ग्रीक वैद्याने शरीरावर बांधायच्या अठरा गाठी आणि फासांचे वर्णन केले होते. आपल्या सुश्रुतसंहितेत टाके घालण्याचे चार प्रकार येतात. त्यांतल्या एकाचे नाव गोफणिका, गोफणीवरून आलेले, आणि दुसऱ्याचे ऋजुग्रंथि, म्हणजे सरळ गाठ. शिवायला दोरा कोणता घ्यावा याच्या यादीत तागाचा दोराही आहे. कोळ्यांची जाळीही पूर्वी तागाची आणि सुताचीच असत.

आता गंमत अशी, की सर्जन ज्या सपाट गाठीवर रुग्णाचा जीव सोपवतो तिच्यावर दर्यावर्दी माणूस विश्वास ठेवत नाही. गाठींचा विश्वकोश मानले जाणारे पुस्तक लिहिणारे अमेरिकन लेखक क्लिफर्ड ॲश्ले यांनी १९४४ सालीच बजावले होते, की दोन दोर जोडायला ही गाठ वापरल्यामुळे अनेकांचे प्राण गेले आहेत. कारण समजायला सोपे आहे. समुद्रात दोराला हिसके बसतात. क्षणात ताण, क्षणात ढील. या गाठीचे एक टोक बाजूला ओढले गेले, तर अख्खी गाठ उलटते आणि दोर निसटतो. म्हणून जाळ्याच्या गाठीत एक दोरा फास होऊन थांबतो आणि दुसरा त्याला मिठी घालतो. लाटेने जितके ओढावे तितकी मिठी घट्ट होते.

शरीरात तसे हिसके नसतात. तिथे गाठ रक्तवाहिनीभोवती किंवा जखमेच्या कडांवर टेकून बसलेली असते, दोन मोकळे दोर जोडत नसते. शिवाय सर्जन दोन वेढ्यांवर थांबत नाही. रेशमाच्या दोऱ्याला तीन वेढे पुरतात. गुळगुळीत एकपदरी नायलॉनला चार-पाच तरी लागतात. म्हणजे गाठ चांगली की वाईट हे एकट्या गाठीवरून ठरत नाही. दोरा कोणता आणि ओढ कशी, हे आधी पाहावे लागते.

नायलॉनने बदललेले हात

१९३८ साली अमेरिकेत नायलॉन जगापुढे आले, आणि पुढच्या काही दशकांत कोळी आणि सर्जन दोघांच्याही हातांना नव्याने शिकावे लागले. सुताचे जाळे रोज वाळवावे लागे, कुजू नये म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवावे लागे. नायलॉनने ती कटकट संपवली, पण जुनी गाठ त्यावर सरकू लागली. कोळ्याने मग मिठीचा वेढा दुहेरी केला. तिकडे सर्जनने एक-दोन वेढे वाढवले. एकमेकांना न विचारता दोघे एकाच उत्तरावर आले.

कधी कधी तर उसनवारीही झाली. १९९० साली जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया केली. अशा शस्त्रक्रियेत पोटाला बोटभर छिद्रे असतात, हात आत जात नाही. मग गाठ मारायची कशी? काही ठिकाणी चिमटे लावून भागते. जिथे भागत नाही तिथे गाठ बाहेर मारतात आणि बारीक दांडीने आत सरकवून आवळतात. त्यासाठी सरकणारी आणि जागेवर पोचताच घट्ट बसणारी गाठ हवी. अशा गाठी गळाने मासे धरणाऱ्यांकडे होत्याच. 'डंकन लूप' नावाची त्यांची एक गाठ आज दुर्बिणीतून होणाऱ्या खांद्याच्या शस्त्रक्रियेत वापरतात. उलट, दोन दोऱ्या जोडायच्या गळवाल्यांच्या एका गाठीला 'सर्जन्स नॉट' म्हणतात, जरी ती सर्जनच्या गाठीहून निराळी असली तरी!

सोडवायची गाठ

एक फरक मात्र मोठा आहे. कोळ्याची गाठ रोज त्याच्या डोळ्यांसमोर येते. सैल दिसली तर तो ती पुन्हा मारतो. सर्जनची गाठ एकदा पोट शिवले की कोणाला दिसत नाही. ती सुटली तर आतल्या आत रक्तस्राव होतो. म्हणून तिला पहिल्याच वेळी बिनचूक बसावे लागते. पण शरीराला ती नेहमीच कायमची नको असते. पूर्वी मेंढीच्या किंवा गाईच्या आतड्याची तात वापरत, ती शरीरात जिरे. आताचे कृत्रिम जिरणारे दोरेही आहेत. त्यांतला एक नेहमीचा दोरा दोन-अडीच महिन्यांत विरघळतो. जखम भरते आणि गाठ आपले काम संपवून निघून जाते.

समुद्रातले नायलॉन असे निघून जात नाही. तुटलेले, वाहून गेलेले जाळे पाण्यात तसेच तरंगत राहते आणि मासे, कासवे धरत राहते. त्याचा परिणाम पाहायचा तर मुंबईहून पश्चिम रेल्वेने सव्वाशे किलोमीटरवर, चिकूच्या वाड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या डहाणूला जावे. तिथे जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारे केंद्र आहे. वनखाते आणि स्थानिक प्राणिमित्र मिळून ते चालवतात. पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेली कासवे तिथे आणली जातात. अनेकांच्या वल्ह्यासारख्या पायांत जाळ्याचा दोरा मांसात रुतलेला असतो. सुटायची धडपड करावी तसतशी गाठ आवळत गेलेली. जी निरगाठ कोळ्याच्या घरात चूल पेटवते, तीच इथे पाय कापून काढते. डॉक्टर आधी एक गाठ कापतो, आणि जखम शिवायची वेळ आली तर मग दुसरी गाठ मारतो. दोन्ही विद्या एकाच टेबलावर समोरासमोर येतात.

यातली एक बाजू कोळ्याचीही आहे. जाळ्यात जिवंत कासव किंवा देवमासा अडकला तर त्याला सोडवायला जाळे कापावे लागते, आणि जाळे म्हणजे घरातली मोठी पुंजी. हे ओळखून महाराष्ट्र सरकारने २०१८ साली योजना आणली. संरक्षित प्राण्याला वाचवण्यासाठी जाळे कापले तर कोळ्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. तेव्हापासून अनेक होड्यांवर जाळे कापून कासवे पाण्यात सोडली गेली आहेत. भरपाईचे पैसे हाती यायला वेळ लागतो. कासव मात्र तितका वेळ थांबू शकत नाही. होडीवर विळा उचलताना नाखव्याला हे दोन्ही ठाऊक असते.

म्हणून ससून डॉकवर कधी गेलात, तर मासळी घेऊन लगेच परतू नका. सावलीत बसलेल्या त्या माणसांच्या हातांकडे चार मिनिटे पाहा. त्या हातांना गाठ मारता येते, आणि वेळ आली तर आपलीच गाठ कापताही येते.