पहिली एअर रायफल

धुळ्यात एकवीरादेवीच्या यात्रेत फुगे फोडायची बंदूक कधीच हातात घेतली नाही, असा माणूस आमच्याकडे विरळा. तिची माशी हललेली असते, दस्ता सैल असतो, तरी फुगा फुटतो, कारण तो चार पावलांवर असतो. बंदुकीशी बहुतेकांची ओळख एवढीच. त्यामुळे पहिली एअर रायफल घ्यायला गेलेला माणूस दुकानात दोनच प्रश्न विचारतो: किती लांब जाते, आणि काय मरतं?

साक्री तालुक्यातल्या माझ्या भाच्याने हेच विचारलं. मी जळगावात बरीच वर्षं दहा मीटरवरून कागदाला भोकं पाडतो आहे, म्हणून घरात बंदुकीचा विषय निघाला की फोन मला येतो. "मामा, बंदूक लेवानी शे. कागदबी मारसू, ससाबी मारसू."

एका बंदुकीत दोन कामं, म्हणजे काटकसर वाटते. पण ही कामं एकमेकांच्या उलट आहेत. स्पर्धेतली दहा मीटरची रायफल साधारण साडेसात जूल इतक्याच ताकदीची असते. सुमारे अर्धा ग्रॅमचा छर्रा त्यात सेकंदाला पावणेदोनशे मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. कागदाला याहून जास्त काही लागत नाही. लागतो तो नेम, कारण दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. दुकानदार मात्र वेगाचा आकडा पुढे करतो. वेग वाढवायचा तर स्प्रिंग जड हवी. जड स्प्रिंग सुटली की छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच रायफल मागेपुढे हिसका देते. नवशिक्या ती घट्ट आवळून धरतो, आणि छर्रे सगळीकडे विखुरतात. स्प्रिंगची रायफल सैल धरायची असते, प्रत्येक वेळी सारखीच सैल. हे कळायला महिना-दोन महिने जातात. तोवर माणूस नळीला दोष देत असतो.

कायद्याची रेषाही ताकदीवरच आहे. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 20 जूलपेक्षा जास्त ताकदीच्या किंवा साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीच्या एअर रायफलीला परवाना लागतो. त्याखालची परवान्याशिवाय मिळते, ओळखपत्राची प्रत दिली की झालं. याच सवलतीमुळे लोकांचा समज होतो की तिने काहीही मारलं तरी चालतं. रायफलीला परवाना नाही, म्हणून शिकारीला परवानगी आहे असं होत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त ठार मारणं नव्हे. जखमी करणं, पकडणं, तसा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. ससा आणि तितर दोन्ही संरक्षित. शेत आपलं असलं तरी त्यातला ससा आपला नाही.

एवढं सांगितल्यावर भाचा म्हणाला, "पाखरूनं काय व्हस?" तेव्हा मी त्याला रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. ती आपल्या खानदेशची आहे, आणि तिच्यातही बंदूक आहे.

1873 मध्ये ए. ओ. ह्यूम यांनी या घुबडाचं शास्त्रीय वर्णन केलं. 1880 च्या दशकात जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात ते मारून त्याचे नमुने जमवले, त्या काळी पक्ष्याचा अभ्यास असाच होत असे. त्यानंतर शंभरेक वर्षं पक्षी कुणाला दिसेना. मधली एक नोंद रिचर्ड मायनर्टझॅगन यांची होती, 1914 सालची, गुजरातमधली. पुढे निघालं की तो नमुना त्यांनी संग्रहालयातून चोरला होता आणि मूळचा तो डेव्हिडसनचाच होता. लबाडीची नोंद बाजूला काढल्यावर पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळले, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, रानपिंगळा पुन्हा दिसला. यावलच्या अभयारण्यातही तो आहे.

आता हा पक्षी वागतो कसा? भरदिवसा उघड्या फांदीवर बसतो. आपल्या घरामागच्या साध्या पिंगळ्यासारखाच दिसतो. ज्याने आयुष्यात फक्त पिंगळा पाहिला आहे, त्याला वीस पावलांवरून फरक कळणार नाही. कळण्याआधी छर्रा सुटलेला असेल. पहिल्या अनुसूचीतल्या अशा प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. पण मला कैदेपेक्षा ती फांदी जास्त डोळ्यासमोर येते.

रायफल त्याने घेतलीच. आयात केलेल्या हवेच्या टाकीच्या रायफली लाख-दीड लाखाच्या पुढे जातात, पहिल्या खेपेला तो खर्च नको. देशी बनावटीची, स्प्रिंगची, कमी ताकदीची घ्यायला सांगितलं. दुकानात आणखी एक परीक्षा करायला लावली: दुकानदाराच्या परवानगीने ती सलग वीस वेळा भर, हात थरथरू लागला तर ती तुझी नाही. (रिकामी मात्र कधी सोडायची नाही, छर्रा नसेल तर दट्ट्या आपटून बिघडतो.) दुर्बीण घेऊ दिली नाही. उघड्या माशीवर हात बसला की मग बघू. मक्याच्या खोलीत दहा मीटर मोजून मातीची पोती रचली आहेत. छर्रे शिशाचे, म्हणून हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही, हे बहिणीने स्वतःच फर्मान काढलं.

रानडुकरांचा प्रश्न तसाच आहे. मका उभा राहिला की कळप रात्रीतून वावर लोळवून जातो, आणि भाच्याच्या मनात खरं तर तीच होती, ससा तोंडी लावायला. वीस जूलचा छर्रा रानडुकराला मारत नाही, फक्त जखमी करून चवताळवतो. नुकसानभरपाईचा अर्ज त्याने वनखात्यात दिला आहे. पंचनामा व्हायचा आहे.